एमजीबीवर एसयू कार्ब्युरेटरांची जोडीच ठेवावी की वेबर बसवावा? निवड आणि ट्यूनिंग

दोनसीटर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आता प्रश्न घेऊन आलोय. गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर. इंजिन मूळचं १७९८ सीसी, बोअर वाढवलेला नाही, कॅमही मूळचाच. वर एसयू एचएस४ ची जोडी आहे, गाडीबरोबरच आलेली.

तक्रार अशी. इंजिन गार असताना स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता राहणारा वेग) व्यवस्थित लागतो. तापलं की तो आपोआप वर चढतो, आणि रेस देऊन सोडली की खाली यायला फार वेळ लावतो. ॲक्सिलरेटर हळू दाबला तर गाडी छान ओढते. एकदम दाबला तर क्षणभर गप्प होते आणि मग निघते. थ्रॉटलचा (हवा अडवणाऱ्या चकतीचा) शाफ्ट बोटांत धरून हलवला तर वरखाली हलतो, दोन्ही कार्ब्युरेटरांचा.

ही जोडी उघडून नीट करावी, की एक वेबर ४५ डीसीओई (एकाच कार्ब्युरेटरात दोन नळ्या) बसवावा, की सरळ दोन वेबर ४० घ्यावेत, यात अडकलोय. मन दोन वेबरकडे ओढ घेतंय. बॉनेट उघडल्यावर दिसणारी ती चार तोंडं आणि तो आवाज फार आवडतो. गाडी चालवतो ती वळणांच्या रस्त्यांवर, बहुतेक वेळ दोन ते साडेचार हजार आरपीएममध्ये. जाणकारांनी सांगावं.

व्हेंचुरी:
दोन वेबरचा विचार या इंजिनापुरता सोडून द्या. अडचण कार्ब्युरेटरची नाही, हेडची आहे.

तुमच्या बी सिरीज इंजिनाच्या हेडला इनटेकची तोंडं दोनच असतात. १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला मिळून एक, ३ आणि ४ ला मिळून दुसरं. डीसीओईचा सगळा फायदा कशात आहे? प्रत्येक सिलिंडरला स्वतःची व्हेंचुरी (हवेचा वेग वाढवणारा अरुंद गळा), स्वतःचं थ्रॉटल आणि स्वतःची सरळ नळी मिळते यात. तुमच्याकडे दोन डीसीओईच्या चार नळ्या शेवटी दोनच भोकांत येऊन मिळणार. पेट्रोल जास्त जाईल, ट्यूनिंगची डोकेदुखी दुप्पट होईल आणि हाती लागेल फक्त आवाज. क्रॉसफ्लो हेड बसवणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे चार सिलिंडरला चार पोर्ट मिळतात.

शिवाय या हेडची एक खोड आहे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे २ नंबरने हवा ओढली की लगेच त्याच तोंडातून १ नंबर ओढतो, आणि मग बराच वेळ त्या पोर्टमध्ये शांतता. ३ आणि ४ चं तसंच. त्यामुळे एका पोर्टवरच्या दोन सिलिंडरांना मिश्रण कधीच अगदी सारखं मिळत नाही. कोणताही कार्ब्युरेटर लावला तरी हे राहणारच. प्लग बघताना हे ध्यानात ठेवा. आतल्या जोडीचा रंग आणि बाहेरच्या जोडीचा रंग थोडा वेगळा दिसला तर लगेच जेटशी (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाशी) खेळू नका.

गॅरेजकर:
कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी इग्निशन बघा. गरम झाल्यावर स्लो चढणं आणि खाली न येणं, हे लक्षण मी कितीतरी जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमुळे आलेलं पाहिलंय. तुमच्या गाडीत ल्युकासचा २५डी४ असणार. आतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की स्लोवरच ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) सुरू होतो. ॲडव्हान्स वाढला की स्लो वाढतो, स्लो वाढला की ॲडव्हान्स आणखी वाढतो. स्क्रू कितीही फिरवा, स्लो हाती लागत नाही.

टायमिंग लाइट लावा आणि स्लोवर खूण हलतेय का बघा. स्लो स्क्रूने आरपीएम जितकं खाली आणता येईल तितकं आणा. खूण एका जागी थांबली पाहिजे.

आणि क्रम पाळा. कॉम्प्रेशन, टॅपेट, पॉइंट, प्लग, टायमिंग, मग हवेची गळती, आणि सगळ्यांत शेवटी कार्ब्युरेटर. टॅपेटची फट तुमच्या इंजिनाला ०.०१५ इंच, पॉइंटची ०.०१४ ते ०.०१६. यातलं एक जरी चुकलेलं असेल तरी कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग म्हणजे दुसऱ्याचा दोष त्याच्या माथी मारणं.

सहासिलिंडर:
गॅरेजकरांशी पूर्ण सहमत.

निवडीबद्दल थोडा इतिहास सांगतो, कारण कार्ब्युरेटर जितके जास्त तितकी गाडी जोरात, हा समज कारखान्यांनाही एकदा तपासून बघावा लागला आहे. ऑस्टिन-हीली ३००० ची मार्क टू १९६१ साली तीन एचएस४ घेऊन बाजारात आली. अश्वशक्ती १३२. तीन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून ठेवणं मालकांना आणि मेकॅनिकांना इतकं जड गेलं की पुढच्याच वर्षी कंपनी दोन एचएस६ वर परत आली. अश्वशक्ती १३१. एका घोड्याच्या बदल्यात एक अख्खा कार्ब्युरेटर, त्याचा लिंकेज आणि त्याच्या सगळ्या कटकटी गेल्या.

याच्या उलट उदाहरण जॅग्वार ई-टाइपचं. तिथे तीन एचडी८, दोन इंची, आणि ते शोभतातही, कारण ३.८ लिटरचं इंजिन तेवढी हवा खरोखर ओढतं. माझ्या डॅटसन २४०झेडला कारखान्यातून हिताचीचे दोन एसयू पद्धतीचे कार्ब्युरेटर होते, २३९३ सीसीला. आता तीन वेबर आहेत. त्या हेडला सहा सिलिंडरना सहा वेगळे पोर्ट आहेत म्हणून ते जमलं, आणि कॅम बदलला होता म्हणून गरजेचंही होतं. मूळ कॅमवर मी ते केलं नसतं.

दोनसीटर:
हेडचा मुद्दा पटला. दोन वेबर रद्द. मग एक ४५ डीसीओई? बऱ्याच एमजीबींवर दिसतो. त्याने काही फरक पडतो का?

व्हेंचुरी:
पडतो, पण कुठे पडतो ते बघा. एका ४५ च्या दोन नळ्या दोन पोर्टना, म्हणजे प्रत्येक नळीवर दोन सिलिंडर. कॅम तेज असेल, हेडचं काम केलेलं असेल आणि इंजिन पाच हजारांच्या वर राबवायचं असेल, तर तिथे वेबर एसयूच्या पुढे जाऊ शकतो. मूळ कॅमवर, साडेचार हजारांच्या आत, नीट जुळवलेली एचएस४ ची जोडी त्याच्या तोडीस तोड चालते आणि स्लो तर बहुतेकदा जास्त गोड देते.

कारण दोघांची कामाची पद्धतच वेगळी आहे. एसयूमध्ये व्हेंचुरी कायमची ठरलेली नसते. हवा कमी असेल तर पिस्टन खाली राहतो, जास्त असेल तर वर उचलला जातो. त्यामुळे जेटवरचा हवेचा वेग जवळपास एकसारखा राहतो. जेट एकच, त्यात पिस्टनबरोबर वरखाली होणारी निमुळती निडल एकच, आणि त्या निडलच्या उतारावर स्लोपासून फुल थ्रॉटलपर्यंतचं सगळं मिश्रण ठरतं. वेबरमध्ये व्हेंचुरी ठरलेल्या मापाची, म्हणून वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी सर्किटं: स्लो, प्रोग्रेशन (स्लोवरून मेनवर जातानाचं), मेन, पंप. प्रत्येक सर्किट स्वतंत्र बदलता येतं हे त्याचं बळ, आणि प्रत्येक सर्किट स्वतंत्र जुळवावं लागतं ही त्याची किंमत.

माप निवडताना लोक सर्रास मोठी व्हेंचुरी घेतात. ३२ ची ३६ केली की व्यास चारच मिलिमीटरने वाढला असं वाटतं. क्षेत्रफळ मात्र २६-२७ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तेवढ्याच हवेला वेग सुमारे एकपंचमांशाने कमी. वेग कमी झाला की मेन सर्किट उशिरा जागं होतं, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत, आणि अडीच-तीन हजारांवर गाडी खड्ड्यात पडल्यासारखी वाटते. ज्या आरपीएममध्ये तुम्ही दिवसभर गाडी चालवता, नेमक्या तिथेच. वरच्या टोकाला थोडं मिळावं म्हणून रोजचं सगळं घालवू नये, हे माझं ठाम मत आहे.

अंदाजासाठी एक जुनं सूत्र आहे. एका सिलिंडरचं आकारमान लिटरमध्ये घ्या, त्याला कमाल शक्तीच्या आरपीएमने गुणा, वर्गमूळ काढा आणि ०.६५ ते ०.९ मधल्या आकड्याने गुणा. कार्ब्युरेटरचा व्यास मिलिमीटरमध्ये येतो. ४०० सीसीचा सिलिंडर आणि ६००० आरपीएम धरलं तर २४०० चं वर्गमूळ ४९. ०.८ ने गुणलं की ३९, म्हणजे ४० चा कार्ब्युरेटर. त्यातली व्हेंचुरी याच्या सुमारे ०.८ पट, ३१-३२. हे एका सिलिंडरला एक नळी असेल तेव्हाचं गणित. तुमच्या जोडपोर्टाच्या हेडला जसंच्या तसं लागू होत नाही.

डॅशपॉट:
धागा आजच पाहिला. एचएस४ ची जोडी ठेवणार असाल तर सविस्तर लिहिते. या कार्ब्युरेटरवर माझा फार जीव आहे आणि तो उगीच बदनाम झालाय.

पहिलं, शाफ्ट. हलणारा शाफ्ट म्हणजे हवेची गळती. ती गळती कमीजास्त होत राहते, म्हणून स्लो कधीच एका जागी ठरत नाही. नुसता नवा शाफ्ट घालून बहुतेकदा भागत नाही, कारण बॉडीचं भोकही लंबगोल झालेलं असतं. भोक रीमरने मोठं करून बुश बसवायचे, आणि दोन्ही बाजूंचे बुश एका रेषेत आले पाहिजेत. हे काम मशीनवर करणाऱ्याकडेच द्या. थ्रॉटलची चकती परत बसवताना स्क्रू ढिले ठेवून चकती पूर्ण बंद करा, तिला स्वतःची जागा घेऊ द्या, मग स्क्रू आवळा आणि त्यांची चिरलेली टोकं फाकवा. ती फाकवली नाहीत तर स्क्रू सुटून थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतो.

दुसरं, तुमच्या सालच्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डवर स्मिथ्सचा गोल पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, क्रँककेसची वाफ ओढणारा. त्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन तिथून हवा ओढतं आणि स्लो चढतो. तो उघडून बघितल्याशिवाय कार्ब्युरेटरवर आळ घेऊ नका. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटरमधली गॅस्केटंही नवी घाला.

आता आतलं. डॅशपॉट (वरचा घुमट) आणि पिस्टन ही जोडी असते, एकाचा पिस्टन दुसऱ्यात घालू नका. आधी खुणा करा. दोन्ही फक्त सॉल्व्हंटने आणि मऊ कापडाने पुसा, पॉलिश पेपर कधीच नाही. पिस्टनच्या कडेला आणि डॅशपॉटच्या भिंतीत जी केसाएवढी फट असते, तीच हवेचं मोजमाप राखते. तपासायचं असेल तर पिस्टनची हवेची भोकं बंद करा, डँपर (घुमटावरचा, तेलात बुडणारा प्लग) लावा, सगळं उलटं धरा आणि डॅशपॉट पिस्टनवरून किती वेळात घसरतो ते बघा. दीड इंची एसयूला ५ ते ७ सेकंद. दोन्हींचा वेळ जवळजवळ सारखा आला पाहिजे.

निडल पिस्टनमध्ये बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट, ना वर ना खाली. तुमच्याकडे घट्ट बसणारी निडल असणार, स्प्रिंगवाली नंतर आली. म्हणून जेट मधोमध आणावा लागेल. जेटचा मोठा नट ढिला करा, जेट पूर्ण वर घ्या, पिस्टन हलक्या हाताने खाली दाबून धरा आणि नट आवळा. मग पिस्टन उचलून सोडा. तो ब्रिजवर (जेटभोवतीच्या सपाट पट्टीवर) आपटल्याचा खणखणीत टक् असा आवाज आला पाहिजे. जेट खाली घेऊन पुन्हा सोडा. दोन्ही वेळा आवाज सारखाच हवा. दुसऱ्या वेळी आवाज जास्त टणक वाटला तर निडल जेटला घासतेय, परत करा.

एकदम दाबल्यावर गाडी गप्प होते म्हणालात, त्याचा पहिला संशय डँपरच्या तेलावर. त्या तेलामुळे पिस्टन झटकन वर उडत नाही, क्षणभर हवा अडते आणि तेवढ्यात जेटवरचा ओढा वाढून मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. वेबरमधला पंप जे काम करतो तेच इथे तेल करतं. तेल नसेल किंवा फार पातळ असेल तर पिस्टन उडतो आणि मिश्रण लीन (पेट्रोल कमी). २० ग्रेडचं तेल घाला. डँपरचा प्लग घालताना त्याचे आटे लागायच्या आधीच तेलाचा विरोध हाताला जाणवला पाहिजे.

कानोसा:
जुळवणीबद्दल मी लिहितो, डॅशपॉटताईंनी पाया नीट घातला आहे.

इंजिन पूर्ण तापवा. रेडिएटर गरम झाला म्हणजे इंजिन तापलं असं नाही, चांगलं फिरवून आणा. एअर फिल्टर काढा. दोन कार्ब्युरेटरांमधल्या थ्रॉटल शाफ्टचे क्लँप ढिले करा, चोकच्या दांडीचेही. आता दोघं स्वतंत्र झाले. ही पायरी गाळून केलेलं सगळं ट्यूनिंग वाया जातं, कारण एकाचा स्क्रू फिरवला की लिंकेज दुसऱ्यालाही ओढतो.

आधी हवा, मग पेट्रोल. दोन्हींच्या स्लो स्क्रूने हवा सारखी करायची. फ्लोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर रबरी नळीचा एक तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडात, दोन्हीकडे अगदी त्याच जागी आणि त्याच खोलीवर. जिथे हवा जास्त तिथला फुस्स आवाज मोठा आणि पट्टी वरची. कान तयार झाला की फ्लोमीटरने फारसा फरक दाखवू नये इतकं जुळतं.

मग मिश्रण. दोन्ही जेट ब्रिजच्या पातळीला आणून जेटखालचा ट्यूनिंगचा षटकोनी नट १२ पाती (नटाच्या बाजू) खाली, म्हणजे पूर्ण दोन फेरे, इथून सुरुवात. दोन्ही नट सारखेच फिरवत जिथे स्लो सगळ्यांत वेगवान आणि एकसारखा होतो ती जागा शोधा. पुढे प्रत्येकाची वेगळी परीक्षा घ्या. खालची पिन दाबून पिस्टन जेमतेम उचला, मिलिमीटरपेक्षाही कमी. आरपीएम वाढून तसंच राहिलं तर रिच, नट वर घ्या. इंजिन लगेच पडायला लागलं तर लीन, नट खाली घ्या. किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. एका वेळी एकच पात.

मिश्रण बदललं की स्लो बदलतो. म्हणून परत हवा, परत मिश्रण, असं आलटून पालटून करावं लागतं. दोन्ही कार्ब्युरेटर बॅलन्स पाइपने जोडलेले असतात, एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतोच. घाई करू नका.

शेवटी लिंकेज. क्लँप आवळताना दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी हलायला लागले पाहिजेत. स्लोवर सगळं जुळलं आणि लिंकेज चुकलं तर पंधराशे आरपीएमवर एकच कार्ब्युरेटर इंजिन ओढत असतो. म्हणून थ्रॉटल किंचित उघडं धरून, पंधराशे ते दोन हजारांवर, नळी किंवा फ्लोमीटर परत लावा. बरेच जण हे करत नाहीत आणि मग गाडी स्लोवर गोड पण रस्त्यावर खडबडीत का, असं विचारतात.

आल्फाप्रेमी:
एसयूवाल्यांचं वाचून मजा आली. वेबर घेणाऱ्यांसाठीही थोडं लिहून ठेवतो, धागा शोधत येणाऱ्यांना उपयोगी पडेल. माझ्याकडे १५७० सीसीची आल्फा रोमिओ जुलिया, दोन ४० डीसीओई. तिच्या हेडला चार पोर्ट, म्हणून ते तिथे कारखान्यातूनच शोभतात.

डीसीओईवर पहिली लढाई स्लो जेटची असते, मेन जेटची नव्हे. साध्या रस्त्यावर तुम्ही बहुतेक वेळ स्लो जेट आणि प्रोग्रेशनच्या भोकांवरच गाडी चालवत असता. थ्रॉटलची चकती बंद अवस्थेत पहिल्या प्रोग्रेशन भोकाच्या जेमतेम आधी थांबली पाहिजे. स्लो स्क्रू जास्त आत घेऊन स्लो वाढवला तर ती भोकं आधीच उघडी पडतात, आणि पेडल दाबल्यावर द्यायला काही शिल्लक राहत नाही. गाडी ठसकते. स्लो मिळत नसेल तर टायमिंग बघा, हवा बघा, पण स्क्रूने चकती उघडून वेळ मारून नेऊ नका.

मिश्रणाचा स्क्रू किती फेरे बाहेर आल्यावर स्लो उत्तम लागतो यावर स्लो जेट कळतो. जाड आट्याच्या जुन्या ४० ला साधारण एक ते दीड फेरा. तीन फेरे बाहेर काढावा लागतो म्हणजे जेट लहान. अर्ध्यातच काम होतं म्हणजे मोठा. बारीक आट्याच्या नव्या वेबरला आकडे वेगळे, तिथे दोन-अडीच फेरे सहज लागतात. स्लो जेटवर दोन गोष्टी कोरलेल्या असतात. ५० एफ९ मधले ५० म्हणजे पेट्रोलचं भोक अर्धा मिलिमीटर, आणि एफ९ हे हवेच्या भोकाचं चिन्ह. एफ८ त्यापेक्षा लीन, एफ६ रिच.

मेन जेटची सुरुवात व्हेंचुरीच्या चौपटीने, एअर करेक्टर (मेन सर्किटला हवा देणारा जेट) त्यात ५० मिळवून. ३० ची व्हेंचुरी, १२० चा मेन, १७० चा एअर. ही फक्त सुरुवात. एअर करेक्टर वरच्या आरपीएमला बोलतो, मेन जेट सगळीकडे. वरच्या टोकाला रिच आणि मध्ये ठीक असेल तर करेक्टर मोठा करा, मेनला हात लावू नका. इमल्शन ट्यूबला तर शेवटपर्यंत हात लावू नका.

एकाच कार्ब्युरेटरच्या दोन नळ्यांत हवा कमीजास्त दिसली तर शाफ्टला पीळ बसलेला असू शकतो. नव्या डीसीओईला प्रत्येक नळीला हवेचा छोटा स्क्रू असतो, त्याने थोडं सावरता येतं. जुन्यांना नाही.

आणखी दोन गोष्टी राहतात नेहमी. इंधनाचा दाब दर चौरस इंचाला तीन पाउंडांच्या आसपास ठेवा. जास्त झाला की फ्लोटची सुई धरत नाही आणि गाडी कारण नसताना रिच होते. आणि वेबर इंजिनाला कडक आवळायचे नाहीत. मधल्या रबरी रिंगा आणि स्प्रिंग वॉशर पूर्ण दाबले तर इंजिनाच्या कंपनाने फ्लोटमधल्या पेट्रोलला फेस येतो. चार हजारांच्या वर गाडी अचानक लीन होते, आणि माणूस जेट बदलत बसतो.

सहासिलिंडर:
व्हॅक्यूम ॲडव्हान्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एसयूवरून डीसीओईवर गेलात की व्हॅक्यूमची नळी लावायला चांगली जागा उरत नाही. एकेका सिलिंडरच्या नळीतला व्हॅक्यूम धडधडत येतो. अर्ध्या थ्रॉटलवरचा ॲडव्हान्स गेला की पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिन तापतं. डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स नव्याने बसवून घ्यावा लागतो. कार्ब्युरेटर निवडताना हे काम हिशोबात धरा.

गॅरेजकर:
एक मतभेद नोंदवतो. कानाने जुळवणं छान, पण एक्झॉस्टमध्ये मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय फुल थ्रॉटलचं मिश्रण कळत नाही. स्लोवर बरोबर असलेली गाडी वरच्या टोकाला लीन जाऊन पिस्टन जाळू शकते, आणि कानाला ते आधी ऐकू येत नाही.

आता पेट्रोलही बदललंय. इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७, दहा टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १४.१, वीस टक्क्यांना सुमारे १३.५. त्या काळचे जेट आणि निडला शुद्ध पेट्रोलवर ठरवलेल्या आहेत. म्हणजे काहीही न बदलता तुमची गाडी आज आठ-नऊ टक्के लीन चालत असू शकते. जेटचं माप व्यासाचं असतं आणि प्रवाह क्षेत्रफळावर जातो, म्हणून आठ टक्के वाढवायला १३० चा १३५ पुरतो. वाइडबँडवर एअर-फ्युएलचा आकडा बघण्यापेक्षा लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) बघा, इंधन बदललं तरी १ म्हणजे १. फुल थ्रॉटलला ०.८६-०.८७ च्या आसपास ठेवतो मी.

रबरी नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घाला. त्याला पर्याय नाही.

कानोसा:
फुल थ्रॉटलबद्दल मान्य. पण जोडपोर्टाच्या हेडवर सेन्सर चारही सिलिंडरांची सरासरी सांगतो. दोन लीन आणि दोन रिच असतील तरी आकडा सुंदर दिसेल. सेन्सर लावा आणि प्लगही काढून बघा. फुल थ्रॉटलवर ओढून, क्लच दाबून, तिथेच इंजिन बंद करून.

डॅशपॉट:
घाट चढणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला घनता साधारण दहा टक्क्यांनी घटते. खाली नेमकी जुळवलेली गाडी वर रिच वाटणारच. वर जाऊन नट फिरवू नका, खाली आल्यावर लीन व्हाल.

दोनसीटर:
सगळ्यांचे मनापासून आभार. कामाला लागलो. आतापर्यंत असं झालं.

डिस्ट्रिब्युटरची एक स्प्रिंग ताणलेली निघाली, दोन्ही नव्या घातल्या. पीसीव्हीचा पडदा कडेने चिरलेला होता. शाफ्टला बुश बसवून आणले. जेट मधोमध आणले, तेल २० ग्रेडचं. मग कानोसांनी सांगितलेल्या क्रमाने जुळवणी. स्लो आता गरम इंजिनावरही एका जागी थांबतो, आणि रेस सोडली की लगेच खाली येतो. एकदम दाबल्यावर गप्प होणं गेलं. दोन हजारांवरची ओढ अशी असू शकते हे मला माहीतच नव्हतं. वेबरचा विषय माझ्यापुरता संपला.

एक उरलंय. साडेतीन हजारांच्या वर, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की ओढ सपाट होते. चारही प्लग पांढरट. पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं. नट आणखी दोन पाती खाली घेऊन पाहिले तर वर थोडी सुधारणा, पण स्लो काळपट आणि लडबडता झाला. पुढे काय?

डॅशपॉट:
नटाने वरचं दुखणं दुरुस्त होत नाही. जेट खाली घेतला की स्लोवर प्रमाणाने जास्त परिणाम होतो आणि वर कमी, कारण स्लोला निडलचा जाड भाग जेटमध्ये असतो आणि फट मुळातच अगदी लहान असते. तुम्हाला दिसलं ते हेच. नट जिथे पिनच्या परीक्षेत बरोबर येत होते तिथे परत न्या.

आता निडल. पण आधी पेट्रोल पोचतंय का ते बघा. पंपाची नळी कार्ब्युरेटरपाशी सोडून बाटलीत धार घ्या, ती जोरकस आणि बुडबुड्यांशिवाय हवी. टाकीच्या झाकणाची हवेची वाट तपासा. वरच्या आरपीएमला फ्लोट रिकामा होत असेल तर लक्षण हुबेहूब असंच दिसतं, आणि निडल बदलून काही होणार नाही.

धार चांगली निघाली तर पिस्टनवरची निडल काढून तिच्यावरचा शिक्का वाचा. एमजीबीच्या एचएस४ ला साधारण ५ नंबरची असते, रिच हवी तर ६, लीन हवी तर २१. आधीच्या मालकाने २१ घातलेली असेल तर उत्तर तिथेच मिळालं. ५ निघाली तर ६ ची जोडी घाला. दोन्हीकडे सारखीच आणि जेटही नवे, कारण घासलेल्या जेटवर नव्या निडलचा उपयोग नाही. निडल बदलल्यावर जेट पुन्हा मधोमध आणा, पिनची परीक्षा पुन्हा घ्या, आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये तोच रस्ता, पूर्ण दाबून, प्लग काढून बघा. रंग कसा येतो ते इथे लिहा.